न बोलावता कोणी आलं होतं का?

सोमवार, २२ सप्टेंबर १९९७

प्राचार्यांनी बोलावलं. वाटलं, प्रिंटर अडला असेल. नाही! खुर्चीत बसवलं, चहा मागवला. चहा आला म्हणजे काम मोठं.

संस्थेचं पत्र आलंय. संगणक देखभालीच्या आमच्या दोन हंगामी जागांपैकी एक दिवाळीनंतर कायम होणार, दुसरी मार्चमध्ये बंद. म्हणजे मी किंवा कमलाकर. ठरवायचं कशावरून? तर कॉलेजातल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांचं समाधान मोजून. समाधान मोजायचं! आणि मोजणार कोण? मी. कारण मला "ते टक्के वगैरे" जमतात.

म्हटलं, सर, जागा माझी आणि परीक्षकही मीच, हे बरोबर नाही.

"अहो रेवाबाई, म्हणूनच तुम्हाला सांगतोय. कमलाकरला दिलं तर तो सगळ्यांना चहा पाजून फॉर्म भरून घेईल. तुम्ही स्वतःला अर्धा मार्कसुद्धा जास्त घालणार नाही."

ही स्तुती होती की सापळा, कळलं नाही. चहा मात्र आलं घालून होता.

मंगळवार, २३ सप्टेंबर

कॉलेज आम्ही वाटून घेतलंय. ऑफिस, ग्रंथालय आणि विज्ञान विभाग माझ्याकडे. कला, वाणिज्य, परीक्षा विभाग आणि स्टाफरूम कमलाकरकडे.

कमलाकर इथल्याच विचुंबे गावचा. आयटीआय केलेला, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. त्याला सगळे 'अरे कमलाकर' म्हणतात, मला 'मॅडम'. कोणाचं मशीन अडलं की तो शिट्टी वाजवत येतो, मॉनिटरवर एक थाप मारतो, सरांच्या मुलीच्या पायाचं प्लास्टर निघालं का विचारतो, शेतातली काकडी टेबलावर ठेवतो. मशीन सुरू! चार दिवस. मग पुन्हा बंद, पुन्हा थाप, पुन्हा काकडी.

त्याला सर्वेक्षणाचं सांगितलं. तोंड वासून बघत राहिला.

"म्हंजे मॅडम, परीक्षा आपली, आनि पेपर तुमी काडणार?"

"पेपर सोपा आहे."

"तुमचा सोपा म्हंजे काय ता मला माहीत हाय!"

हसला. मीही हसले असते, पण सवय नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

फॉर्म तयार. प्रश्न मोजके. बोलावल्यावर किती लवकर आले? काम झालं का? वागणूक कशी? दोघांसाठी दोन रकाने. पूर्ण समाधानी, समाधानी, असमाधानी. वर ठळक अक्षरात: *नाव लिहू नये, सही करू नये.*

रविवार, २८ सप्टेंबर

खालच्या काकूंकडे दादाचा फोन. मिरजेत त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. जागा हंगामी आहे हे मीच चुकून बोलून गेले होते, तेव्हापासून दर रविवारी तेच. आज मार्चचंही बोलून बसले.

"मार्चपर्यंत कशाला थांबतेस? ये की निघून. तुझी खुर्ची ठेवलीय मी दुकानात."

ती खुर्ची मी पाहिलीय. काउंटरच्या मागे, त्याच्या नावाच्या पाटीखाली. मे महिन्यात दोन आठवडे बसले होते. एका गिऱ्हाइकाचा टीव्ही मी उघडला, मी जोडला, आणि दादा त्याला म्हणाला, "बहीण आहे. मदत करते." डिप्लोमा पहिल्या वर्गात! मदत करते!

दादा वाईट नाही. पण त्या पाटीखाली मी बसणार नाही. ही जागा कायम व्हायलाच हवी. इथे खांदा कॉलनीत अर्धी खोली का होईना, माझी आहे. दुसरी अर्धी रुचिराची. ती विमा कंपनीत आहे आणि घोरते.

सोमवार, २९ सप्टेंबर

चाचणी फेरी. थोड्याच लोकांना फॉर्म दिले. ग्रंथपाल शशिकलाबाईंनी हातच लावला नाही.

"अगं, पितृपक्षात नवीन फॉर्म? घट बसू देत की!"

"बाई, यात नवीन काही नाही. जुन्याच तक्रारी लिहायच्यात."

"मग हरकत नाही," म्हणाल्या आणि चष्मा शोधू लागल्या.

बुधवार, १ ऑक्टोबर

फॉर्म परत आले. प्राध्यापकांना कागद द्यावा आणि काय होतं ते पाहावं!

सह्या सगळ्यांच्या. 'सही करू नये' याच ओळीखाली. तारखेसह. सही केल्याशिवाय कागद हातातून सुटतच नाही या लोकांच्या. मराठीच्या सरांनी उत्तरं दिलीच नाहीत, माझे दोन अनुस्वार तेवढे लाल शाईने दुरुस्त करून पाठवले. वाणिज्य विभागाचा एकच फॉर्म — विभागप्रमुख विश्वजीत सरांनी भरलेला, वर लिहिलंय 'सर्वानुमते'. मी जाऊन सांगितलं, सर, प्रत्येकाचं मत वेगळं हवं. म्हणाले, "आमच्या विभागात मतभेद नाहीत." मागे बसलेले दोघे खिडकीबाहेर बघत होते.

मग बेरीज केली. आणि हसू थांबलं.

कमलाकर: पूर्ण समाधानी, पूर्ण समाधानी, 'फारच मनमिळाऊ', पूर्ण समाधानी.

मी: 'संबंध आला नाही.' 'सांगता येत नाही.' ऑफिसातल्या हेडक्लार्कनी लिहिलंय, 'मॅडम आमच्याकडे येत नाहीत.'

येत नाहीत! दर शनिवारी सगळे गेले की मी त्यांचं मशीन उघडते. पंखा साफ करते. इकडे खडी फोडण्याचे कारखाने आणि चहूकडे बांधकामं, आठवड्यात बोटभर धूळ साचते. फ्लॉपी तपासते, व्हायरस काढते, प्रिंटरची रिबन फाटायच्या आधी बदलते. त्यांचं मशीन वर्षभरात एकदाही बंद पडलेलं नाही. म्हणून त्यांनी मला कधी बोलावलं नाही. म्हणून मी लवकर आले की उशिरा, हा प्रश्नच त्यांना कळत नाही.

ज्याचं मशीन सारखं बिघडतं तो पूर्ण समाधानी. ज्याचं बिघडतच नाही त्याला सांगता येत नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. रुचिराला सांगितलं. ती गादीवर लोळत हसत राहिली.

"तू पण काकड्या वाट ना!"

"माझ्याकडे शेत नाही."

"बाजारातून आण. कोणाला कळतंय?"

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्राचार्यांना आकडे दाखवले, म्हणणंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मुख्य फेरी दसऱ्यानंतर. अहवाल चोवीस तारखेपर्यंत. एक प्रश्न वाढवायला परवानगी दिली. तो असा —

*आपण न बोलावता, बिघाड होण्याआधीच, कोणी येऊन आपल्या संगणकाची काळजी घेतली का? कोणी?*

हा प्रश्न माझ्या बाजूचा आहे का? आहे. पण खोटा नाही. मोजायचं तर सगळं मोजा.

सोमवार, ६ ऑक्टोबर

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर देणार कोण? मी जाते तेव्हा तिथे कोणी नसतं. ज्यांनी मला कधी पाहिलंच नाही ते 'हो' कसं लिहितील? 'मी येत असते हो' असं टेबलाटेबलावर सांगत फिरायचं? ते माझ्याच्याने व्हायचं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

शुक्रवारी खंडेनवमी.

इथे त्या दिवशी कॉलेजातल्या प्रत्येक यंत्राची पूजा होते. प्रयोगशाळेतल्या तराजूची, ऑफिसातल्या टाइपरायटरची, शिपायाच्या घंटेची. आणि संगणकांची. हळद, कुंकू, ओली फुलं, अक्षता. अक्षता टाकायला जागा कुठली? समोर फ्लॉपीची फट असते, अगदी देव्हाऱ्यासारखी. मुठीने तांदूळ जातात आत. मी इथे आले त्या वर्षी दसऱ्यानंतर आठवडाभर चिमट्याने तांदूळ उपसत होते. ऑफिसवाल्यांनी तर नारळ फोडला होता — संगणकाच्या कोपऱ्यावर! पत्रा अजून चेपलेला आहे.

पुढच्या वर्षापासून मी आदल्या संध्याकाळी, सगळे गेले की, सगळ्या कॉलेजभर प्रत्येक फटीवर चिकटपट्टी लावते. कमलाकरच्या बाजूलाही. दसरा झाला की काढते. आतापर्यंत कोणी विचारलं नाही की ही पट्टी कोणी लावली. पट्टीवर कुंकू लावून मोकळे होतात.

समजा, या वर्षी लावली नाही तर?

बुधवार, ८ ऑक्टोबर

नुसता हिशोब मांडून पाहिला. तांदूळ आत गेले तर सोमवारी निम्मी मशीनं फ्लॉपी घेणार नाहीत. माझ्या बाजूची सगळी मलाच बोलावतील. मी जाईन, तांदूळ काढीन, मशीन सुरू करीन. मंगळवारी फॉर्म वाटले जातील. शशिकलाबाई, हेडक्लार्क, सगळ्यांचा 'संबंध' येईल.

चिकटपट्टी लावणं माझ्या कामाच्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही. मी काही बिघडवणार नाहीये. फक्त दर वर्षी करते ते करणार नाही.

रुचिरा म्हणाली, "यात काय एवढं? विसरलीस असं समज."

मी विसरत नाही. हीच अडचण आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

लावली नाही. पट्टीचं रीळ ड्रॉवरमध्ये. वेळेवर घरी आले. उद्या रजा टाकलीय. कारण: पोट.

पोट व्यवस्थित आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दसरा. रुचिराबरोबर जुन्या पनवेलला गेले. वडाळे तलावाजवळ कॉलेजातल्या तीन जणांनी सोनं दिलं. "सोन्यासारख्या राहा, मॅडम!" मला त्यांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांच्या मशीनच्या फटीच दिसत होत्या.

सोमवार, १३ ऑक्टोबर

स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, ब्रश पिशवीत घालून अर्धा तास आधी पोचले. आमच्या खोलीतला फोन वाजायची वाट बघत बसले.

वाजला नाही.

अकराला स्वतःच ग्रंथालयात गेले. मशीन मजेत चालू होतं. फटीवर चिकटपट्टी. वर स्वस्तिक काढलेलं.

शशिकलाबाई खुशीत. "अगं, तुझं पोट कसं आहे? तू नव्हतीस, पण कमलाकर आला होता बघ शुक्रवारी सकाळी. न सांगता! म्हणाला, बाई, देवाला तांदूळ चालतात, मशीनला चालत नाहीत. पट्टी लावली, आरतीला थांबला, प्रसाद खाल्ला. किती लक्ष असतं हो त्याचं!"

ऑफिसात तेच. विज्ञान विभागात तेच. पूजेच्या ऐन गर्दीत, सगळ्यांसमोर, गप्पा मारत त्याने अख्ख्या कॉलेजात पट्ट्या लावल्या. नारळसुद्धा त्याने बाहेर पायरीवर फोडायला लावला.

चिमटा पिशवीतून काढलाच नाही.

मला भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुमची पट्टी घेतली हां ड्रॉवरमधली. संपवून टाकली."

"हरकत नाही," म्हटलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

फॉर्म वाटले. काय उत्तर येणार ते मला आताच माहीत आहे.

सोमवार, २० ऑक्टोबर

मोजले. दोनदा मोजले.

*आपण न बोलावता कोणी आलं होतं का?* — हो. कमलाकर. हो. कमलाकर. हो, श्री. कमलाकर, सही, तारीख. वाणिज्य विभाग, सर्वानुमते, कमलाकर.

माझा प्रश्न! माझ्या कामासाठी घातलेला. तीन वर्षं मी ते केलं आणि कोणाला दिसलं नाही. ज्या एका वर्षी मी केलं नाही त्याच वर्षी विचारलं.

रागाने हसू आलं. खरंच आलं. रुचिरा गादीवरून ओरडली, "कोणाशी हसतेस?"

मंगळवार, २१ ऑक्टोबर

प्राचार्यांनी कच्चे आकडे पाहिले. भुवया वर.

"ही पट्टीची भानगड काय? तुमच्या बाजूलाही कमलाकरच?"

"सर, दर वर्षी मी लावते. दोन्हीकडे."

"मग या वर्षी?"

"रजेवर होते."

शुक्रवारी रजेवर होते, हे खरं. पट्टी गुरुवारी लावतात.

सर खुर्चीतून पुढे वाकले. "असं करा. ही पद्धत तुम्ही सुरू केलीत, आधीची वर्षं तुम्हीच ते काम केलंत, हे अहवालात लिहा. एका वाक्यात. मग त्या प्रश्नाचे गुण दोघांना सारखे धरता येतील. बाकीच्यात तो पुढे आहे, पण तुमचा डिप्लोमा आहे, त्याचा आयटीआय. जागा तुम्हाला देता येईल. संस्थेला मी समजावतो. खोटं तर काही नाही ना त्यात?"

खोटं काहीच नाही त्यात.

बुधवार, २२ ऑक्टोबर

वाक्य तयार केलं: *'खंडेनवमीपूर्वी संगणकांना चिकटपट्टी लावण्याची पद्धत प्रस्तुत सर्वेक्षकाने सुरू केली असून मागील वर्षांत हे काम तिनेच केले आहे.'*

प्रत्येक शब्द तपासला. प्रत्येक शब्द खरा. एकही काढता येत नाही, एकही वाढवायची गरज नाही. तरी वाक्य वाचलं की दाढेत कण अडकल्यासारखं होतं.

जागा मिळते आहे. नेहमीसाठी. मिरज नाही, पाटी नाही. मग?

गुरुवार, २३ ऑक्टोबर

कमलाकर दुपारी खोलीत बसून रिबन गुंडाळत होता. दोघंच होतो. मला बोलायचं नव्हतं, पण बोलले.

"पट्टी लावायची मी विसरले नव्हते."

त्याने वर पाहिलंच नाही. "माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुमी इसरणाऱ्या नाय. दर साली लावता, बघितलाय मी. सायकल काडायला परत आलो व्हतो एकदा, तर परीक्षा विभागात तुमी खाली बसून माझ्या मशीनला पट्टी लावीत व्हत्या. या टायमाला शुक्रवारी बघतो तर पट्टी ड्रॉवरमदी. म्हटला, मॅडम रुसल्या."

"रुसले नव्हते. मला हवं होतं की मशीनं बिघडावीत आणि सगळ्यांनी मला बोलवावं."

ऐकून तो इतका हसला की रिबन सुटून पायावर पडली.

"एवढंच ना! मंग मी काय येगला करतो? वरशानुवरशं तेच करतोय!" मग रिबन उचलत, "पन मी मुद्दाम नाय करत हां. मला तुमच्यासारखा येतच नाय. म्हनून सारका जावा लागतो."

"मग मला बोलला का नाहीत? प्राचार्यांना सांगायचंत."

"काय सांगू? नोकरी तुमालापन पायजे, मलापन पायजे. आमची जमीन या नव्या शहरात गेली, आता दोन गुंठं काकडीपुरती उरली. तुमाला शिव्या घालून ती वाडनार हाय का?" शाईने काळे झालेले हात त्याने पँटला पुसले. "आनि मॅडम, मशीनचा काय चुकला? तिला कशाला तांदूळ खायला घालायचा?"

मग म्हणाला, "चहा घेता? आज मी पाजतो. फॉर्म भरून झालेत, आता लाच नाय."

घेतला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

अहवाल दिला. ते वाक्य ठेवलं. त्याच्याखाली दुसरं लिहिलं: *'या वर्षी मात्र तिने हे काम जाणूनबुजून केले नाही, ते कमलाकर यांनी केले.'*

प्राचार्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं. म्हणाले, "रेवाबाई, हे दुसरं वाक्य हवंच का?"

हवं, म्हटलं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

काल संस्थेची बैठक झाली. कमलाकर कायम, मी मार्चपर्यंत. पेढे घेऊन आला, पहिला माझ्या टेबलाशी. मी दोन घेतले.